गाव मोजायला निघालात? आधी कुलूप लावलेली घरं मोजा

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात मी पहिल्यांदा कुटुंब-सर्वेक्षण केलं ते कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात. महिना जानेवारीचा. सात दिवस घरोघर फिरून फॉर्म भरले, बेरजा केल्या आणि अहवालात लिहिलं की या गावात म्हाताऱ्या माणसांचं प्रमाण फार आहे आणि तरुण जोडपी फार कमी. समारोपाच्या दिवशी पारावर अहवाल वाचून दाखवला. ऐकायला बसलेल्या एका आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "लेकरा, कुलपं लावलेली घरं धरलीस का रं?"

धरली नव्हती. त्या फॉर्मांवर "घर बंद" असा शेरा मारून आम्ही पुढे गेलो होतो. त्या घरांतली माणसं गाव सोडून गेली नव्हती. ती ऊस तोडायला कारखान्यांवर गेली होती आणि पाडव्याच्या आगेमागे परत येणार होती. आम्ही गाव मोजलंच नव्हतं, गावात उरलेली माणसं तेवढी मोजली होती.

त्यानंतर बरीच वर्षं मी या भागातल्या गावांमध्ये अशीच कामं करत आलो. नव्याने रुजू झालेले शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी, समाजकार्याचे विद्यार्थी, संस्थांचे कार्यकर्ते मला विचारतात की गावाची लोकसंख्या आणि समाजरचना समजून घ्यायची तर सुरुवात कुठून करायची. त्यांच्यासाठी हा लेख. माझा अनुभव मुख्यतः मराठवाड्याचा आहे. कोकणात किंवा गडचिरोलीत तपशील बदलतील, पण कामाचा क्रम फारसा बदलणार नाही.

पहिलं काम: गाव म्हणजे नेमकं कोणतं, हे ठरवा

हे सोपं वाटतं, पण निम्म्या चुका इथेच होतात. कागदावर "गाव" दोन प्रकारचं असतं. एक महसुली गाव. त्याला स्वतःची शीव असते, गट नंबर असतात, तलाठ्याकडे त्याचं दप्तर असतं. दुसरी ग्रामपंचायत. महाराष्ट्रात महसुली गावं 43 हजारांहून जास्त आणि ग्रामपंचायती सुमारे 28 हजार. म्हणजे अनेक ठिकाणी दोन-तीन गावांची मिळून एकच गट ग्रामपंचायत आहे. सरपंचांनी सांगितलेला आकडा पंचायतीचा असतो, जनगणनेतला महसुली गावाचा. दोन्ही खरे असून जुळत नाहीत, आणि नवखा माणूस एकाला खोटं ठरवून मोकळा होतो.

याशिवाय लोकांच्या मनातलं गाव असतं: वाडी, वस्ती, तांडा, पाडा. मूळ गावठाणापासून दोन किलोमीटरवर असलेला बंजारा तांडा स्वतःला वेगळं गाव मानतो. त्याचा नायक वेगळा, तीज वेगळी, भाषाही वेगळी. पण महसुली दर्जा मिळालेला नसेल तर जनगणनेत त्याची वेगळी ओळ नसते, तो मूळ गावाच्या बेरजेत मिसळून गेलेला असतो. म्हणून पहिल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या शिपायाला सोबत घ्या आणि या शिवारात माणसं राहतात अशा सगळ्या जागांची नुसती यादी करा. मळ्यात राहायला गेलेली चार घरंसुद्धा त्यात आली पाहिजेत. शिपाई घरपट्टीची मागणी बिलं वाटत फिरतो, त्यामुळे त्याच्याइतकं हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतं.

नावातही फसगत होते. एकाच तालुक्यात तीन-तीन पिंपळगावं सापडतात. बुद्रुक म्हणजे मोठं आणि खुर्द म्हणजे लहान, हे मूळ अर्थ आहेत. आज खुर्दची वस्ती बुद्रुकहून मोठी असू शकते. त्यामुळे गाव नावाने शोधू नका, कोडने शोधा. 2011 च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी कोड दिलेला आहे. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

जनगणनेचा तक्ता वाचायला शिका

जनगणनेच्या संकेतस्थळावर "प्राथमिक जनगणना सार" नावाचा तक्ता मिळतो. त्यात प्रत्येक गावाची एक ओळ असते: कुटुंबं, स्त्री-पुरुष, 0 ते 6 वयाची मुलं, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, साक्षर, काम करणारे आणि न करणारे. काम करणाऱ्यांत पुन्हा शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातले आणि इतर. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलेला तो मुख्य कामगार, त्याहून कमी केलेला सीमान्त. जिल्हा जनगणना पुस्तिकेत गावातल्या शाळा, दवाखाना, पाणी, रस्ता यांची माहितीही असते.

हे आकडे 2011 चे आहेत हे कायम ध्यानात ठेवा. 2021 ची जनगणना झाली नाही, आणि पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 ठरली आहे. 2011 मध्ये पहिलीत असलेलं पोर आज विशीच्या पुढे गेलंय. तरीही ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या, जी लोकसंख्येप्रमाणे 7 पासून 17 पर्यंत असते, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव प्रभाग याच जुन्या आकड्यांवर ठरत आले आहेत. म्हणून हे आकडे जुने असले तरी बाजूला टाकता येत नाहीत.

आता थोडं गणित. समजा एका गावाची ओळ अशी आहे: लोकसंख्या 1,840, पुरुष 950, स्त्रिया 890, 0 ते 6 वयाची मुलं 230, त्यात मुलगे 124 आणि मुली 106, साक्षर 1,130.

लिंग गुणोत्तर म्हणजे दर हजार पुरुषांमागे स्त्रिया. 890 ला 950 ने भागून हजाराने गुणलं की 937 येतं. साक्षरतेत मात्र हटकून चूक होते. 1,130 ला 1,840 ने भागलं तर 61 टक्के येतात, पण साक्षरता सात वर्षं आणि त्यापुढच्या लोकांचीच मोजतात. म्हणून आधी 230 वजा करा, मग उरलेल्या 1,610 ने भागा. उत्तर 70 टक्के. नऊ टक्क्यांचा फरक पडला, आणि तो नुसत्या भागाकारातून. तालुक्याच्या आकड्याशी तुलना करताना अशा चुकीने अख्ख्या गावावर मागासपणाचा शिक्का बसतो.

मुलींचं प्रमाण काढताना आणखी जपा. वरच्या उदाहरणात 124 मुलग्यांमागे 106 मुली, म्हणजे हजारी 855. याच गावात चार मुलग्यांऐवजी चार मुली जन्मल्या असत्या, तर आकडा थेट 917 झाला असता. लहान गावात चार जन्मांनी चित्र पालटतं. त्यामुळे एका गावाच्या एका वर्षाच्या आकड्यावरून कुणाकडे बोट दाखवू नका. आजूबाजूची दहा-पंधरा गावं एकत्र धरा, निदान पाच-सहा वर्षांचे जन्म धरा. मी हे बीड जिल्ह्यात बसून लिहितोय. इथे 2011 मध्ये 0 ते 6 वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली जेमतेम आठशेच्या घरात होत्या. राज्याची सरासरी तेव्हा 894 होती. जिल्ह्याचा आकडा इतका खाली जातो तो चार जन्मांनी नाही. तिथे गप्प बसणं चूक आहे.

ज्यांच्याकडे खरी माहिती आहे त्यांच्या दारात जा

सगळ्यात आधी अंगणवाडीताईंकडे. साधारण 400 ते 800 लोकसंख्येमागे एक अंगणवाडी, त्यामुळे ताईंना आपल्या हद्दीतलं प्रत्येक घर तोंडपाठ असतं. कोण गरोदर आहे, कुणाची सून बाळंतपणाला माहेरी गेली, कुणाचं लेकरू ऊसतोडीच्या फडावर नेलंय, कुणाचं आजीपाशी ठेवलंय, हे सगळं त्यांना कागद न बघता सांगता येतं. त्यांच्याकडे दुपारी मुलं घरी गेल्यावर जा, सकाळी आहार शिजत असताना नको. आणि त्यांच्या रजिस्टराचे फोटो काढू नका. समोर बसून लागतील तेवढे आकडे उतरवून घ्या. आशाताई साधारण हजार लोकसंख्येमागे एक असतात, आणि त्यांचं व अंगणवाडीताईंचं बोलणं एकत्र ऐकलं तर दोघींच्या यादीतला फरक तिथल्या तिथे मिटतो.

ग्रामपंचायतीत नमुना 8, म्हणजे कर आकारणीची नोंदवही, मागा. त्यात घरं आहेत, माणसं नाहीत, पण कुलूपबंद घरसुद्धा त्यात असतं. तुमची घरांची यादी त्याच्याशी जुळवली की राहून गेलेलं घर लगेच दिसतं. जन्म-मृत्यूची नोंदवहीही तिथेच असते. ग्रामपंचायत अधिकारी हे ग्रामसेवक पदाचं नवं नाव, तलाठ्याचंही आता ग्राम महसूल अधिकारी झालंय. गावात मात्र दोघांनाही "भाऊसाहेब" म्हणतात, तुम्हीही म्हणा.

शाळेचं जनरल रजिस्टर ही तर खाण आहे. जुन्या शाळेत दोन-तीन पिढ्यांच्या नोंदी सापडतात: नाव, जात, जन्मगाव, शाळा कधी सोडली आणि का. 2023 नंतर कुणबी नोंदींच्या शोधासाठी अशी रजिस्टरं जिल्ह्याजिल्ह्यांत पुन्हा उघडली गेली, त्यामुळे मुख्याध्यापक ती दाखवताना बिचकतात. त्यांच्यावर दबाव आणू नका. नावं नकोत, फक्त कोणत्या वर्षी किती मुली दाखल झाल्या ते हवंय, एवढं स्पष्ट सांगा.

रेशनकार्ड आणि मतदार यादी वापरा, पण त्यांचा स्वभाव ओळखून. रेशनकार्डावर नाव चढवायची घाई असते, उतरवायची नसते. लग्न होऊन पाच वर्षं झालेली लेक अजून बापाच्या कार्डावर सापडते. मतदार यादीत पुण्याला चाकणच्या कंपनीत लागलेला मुलगा गावातच असतो, आणि मतदानाच्या दिवशी खरोखरच येतो. दोन्ही कागदांवर गाव फुगलेलं दिसतं.

पोळ्याचं गाव आणि संक्रांतीचं गाव

आता या लेखातल्या माझ्या मुख्य सांगण्याकडे येतो.

ऊसतोडीच्या पट्ट्यात गावाला दोन लोकसंख्या असतात. पोळ्याला सगळे घरी असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या गाड्या लागतात आणि जोडप्यामागून जोडपी निघतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि त्या जोडीच्या नावावर उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिलेली असते. कुणी पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांना जातं, कुणी थेट कर्नाटकात. मागे राहतात म्हातारी माणसं, शाळकरी पोरं आणि कुलपं. हंगामी वसतिगृह चालू असेल तर पोरांचं जेवण तिथे होतं, नाहीतर सत्तरीची आजी तीन नातवंडांचा स्वयंपाक करते.

आता जनगणनेची तारीख बघा. 2011 मध्ये प्रगणक घरोघर फिरले ते 9 ते 28 फेब्रुवारी, संदर्भ क्षण 1 मार्चचा. या सगळ्या दिवसांत जो आपल्या राहत्या घरी एकदाही नव्हता, त्याची मोजणी तो असेल तिथे व्हायची असा नियम. फेब्रुवारीत आमचा माणूस फडावर, उसाच्या पाचटाच्या कोपीत. म्हणजे त्याची नोंद झालीच असेल तर दुसऱ्याच कुठल्या तरी गावाच्या नावे. इथे घरी असलेली सासू मोजली गेली, सून परगावच्या बेरजेत गेली. 2027 लाही संदर्भ तारीख 1 मार्चच आहे, आणि तेव्हाही फड चालू असणार. तुम्ही अशा गावात नोकरीला असाल तर ही गोष्ट आत्तापासून ग्रामसभेत बोला. प्रगणक बहुतेकदा शिक्षकच असतात, त्यांच्याशी बोला.

तुमच्या स्वतःच्या सर्वेक्षणासाठी मी वापरतो ती पद्धत सांगतो. घरात गेल्यावर "कुटुंबात किती माणसं?" असं विचारू नका. त्यावर परदेशी गेलेल्या पुतण्यापर्यंत सगळे मोजले जातात, किंवा वेगळं निघालेल्या थोरल्याला मुद्दाम गाळलं जातं. "या चुलीवर किती जण जेवतात?" असं विचारा. मग प्रत्येक नावापुढे तीन रकाने भरा: पोळ्याला कुठे होता, संक्रांतीला कुठे होता, कशासाठी. तारखा सांगू नका, सण सांगा. "गेल्या ऑगस्टात" म्हटलं की लोक अंदाजे बोलतात. "पोळ्याला बैल कुणी धुतले?" म्हटलं की त्या दिवशी अंगणात कोण कोण होतं ते डोळ्यासमोर उभं राहतं.

बंद घराचा फॉर्म शेजाऱ्याकडून भरायचा, पण पेन्सिलने. वर "शेजाऱ्याने सांगितलेलं" असं लिहायचं, आणि घरची माणसं आल्यावर पेनाने दुरुस्त करायचं. ग्रामपंचायतीत ऊसतोड कामगारांची ओळखपत्रांसाठी नोंदणी झालेली असेल तर ती यादी मागून ताडून बघा. यादीत नवरे सापडतात. कोयत्याचा अर्धा भाग असलेली बायको सापडते का, हे मुद्दाम बघा.

गावाबाहेरची सगळीच माणसं ऊसतोडीची नसतात. वीटभट्टीवर गेलेले असतात, पुण्या-मुंबईत कायमचे गेलेले असतात, शिकायला गेलेले असतात. उलट बाजूने गावात आलेल्याही असतात: लग्न होऊन आलेल्या बायका. प्रौढ स्त्रियांपैकी बहुतेकींचा जन्म या गावचा नाही. प्रत्येकीचं माहेर विचारा. ती गावं नकाशावर मांडली की या गावाची सोयरीक कुठवर पोचते ते दिसतं, आणि दुष्काळात कोण कुणाकडे जनावरं नेतं तेही त्यातून कळतं. शिवाय माहेरचं नाव विचारलं की गप्प बसलेली बाईसुद्धा मोकळी बोलायला लागते.

जात: न विचारता कशी समजून घ्यायची

जात टाळून गावाची समाजरचना समजत नाही. पण दारात उभं राहून, चार लोकांसमोर "जात कोणती?" असं विचारणं मला अपमानास्पद वाटतं. उत्तर देणाऱ्याला तुम्ही कोण हे माहीत नसतं, त्या उत्तराचं काय होणार तेही माहीत नसतं.

आडनावावरून तर मुळीच ठरवू नका. जाधव मराठा असतात, बंजारा असतात, बौद्ध असतात. पवार, चव्हाण, गायकवाड यांचंही तसंच. आडनावावरून भरलेला रकाना म्हणजे तुमचा स्वतःचा पूर्वग्रह असतो.

छापील आकड्यांची मर्यादाही समजून घ्या. जनगणनेत गावपातळीवर अनुसूचित जाती आणि जमाती यांच्या फक्त एकूण बेरजा मिळतात. त्यात मातंग किती, चर्मकार किती, बौद्ध किती हे कळत नाही. 1990 पासून बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे बौद्ध वेगळे मोजून अनुसूचित जातींच्या आकड्यात मिळवलेत तर तीच माणसं दोनदा येतील. बाकीच्या जातींचे आकडे शेवटचे छापले गेले 1931 साली, आणि मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. 2011 मध्ये सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणना झाली, पण जातीचे आकडे प्रसिद्ध झाले नाहीत. 2027 च्या जनगणनेत जात नोंदवली जाणार आहे.

मग करायचं काय? गावात प्रत्येक वस्तीतली दोन-तीन जाणती माणसं शोधा, त्यात एक तरी बाई हवी, आणि त्यांच्याकडून त्यांच्याच वस्तीची माहिती घ्या. एका वस्तीबद्दल दुसऱ्या वस्तीला विचारू नका. शब्द जपून वापरा: लोक स्वतःला जे म्हणवतात तेच तुम्ही म्हणा. जात आणि प्रवर्ग यांची गल्लत टाळा. धनगर भटक्या जमाती-क मध्ये, वंजारी ड मध्ये, बंजारा विमुक्त जाती-अ मध्ये. शेजारच्या तेलंगणात तोच बंजारा समाज अनुसूचित जमातीत आहे. आणि गावाबाहेर पाल टाकून राहिलेलं पारधी कुटुंब कुठल्याच वस्तीची माणसं "आपल्यात" धरत नाहीत. त्यांच्याकडे स्वतः जा. 1871 च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलेल्या या समाजावरचा तो शिक्का 1952 साली कायद्याने पुसला गेला, पण वही घेऊन येणारा अनोळखी माणूस दिसला की आजही त्या पालात धास्ती पसरते. पहिल्या भेटीत वही पिशवीतच राहू द्या.

वस्त्यांची नावं बदलली आहेत तेही बघा. जातिवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर 2020 मध्ये घेतला. पाटी बदलली का, आणि पाटी बदलल्यावर बोलण्यातलं नाव बदललं का, या दोन वेगळ्या नोंदी करा.

पाण्याच्या मागे चाला

एक सकाळ पूर्ण मोकळी ठेवा. गावाच्या टाकीपासून निघा आणि पाणी सोडणाऱ्या माणसासोबत एकेक व्हॉल्व्ह बघत शेवटच्या नळापर्यंत चालत जा. कोणत्या आळीला पाणी पहिल्यांदा येतं, कोणत्या वस्तीला शेवटी, किती मिनिटं, किती दिवसांआड, हे घड्याळ लावून लिहा. मी हे केलं त्या एका गावात टाकीजवळच्या आळीत रांजण भरून अंगणात सडा पडला होता, आणि वेशीबाहेरच्या वस्तीत एक मुलगी नळाच्या खड्ड्यात उतरून, तोटी काढून टाकलेल्या पाइपाला वाटी लावून घागर भरत होती. गावात भेदभाव आहे का, असं मी कुणालाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर दोन्ही आळ्यांत "नाही, आमचं गाव एकोप्याचं आहे" असंच उत्तर मिळालं असतं.

त्याच फेरीत स्मशानभूमी किती आणि कुणाच्या, मारुतीच्या पारावर कोण बसतं आणि कोण उभं राहतं, पिठाची गिरणी आणि किराणा दुकान कुणाच्या आळीत आहे, हे बघत चला. नंतर शाळेच्या पटांगणात बायकांना रांगोळीने गावाचा नकाशा काढायला सांगा. पुरुषांकडून दुसऱ्या दिवशी वेगळा काढून घ्या. बायकांच्या नकाशात विहिरी, सरपणाच्या वाटा आणि शौचाला जायची जागा येते, पुरुषांच्या नकाशात रस्ता, सोसायटी आणि देऊळ.

जमीन कुणाच्या नावावर, कसतं कोण

सातबारा ऑनलाइन दिसतो, आठ-अ वरून एका खातेदाराची गावातली एकूण जमीन कळते. पण सातबाऱ्यावरचं नाव आणि बांधावरचा माणूस एकच असेल असं नाही. बटईने म्हणजे पिकाच्या वाट्यावर कोण करतं, ठोक्याने म्हणजे ठरावीक रकमेवर कोण, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला सालगडी कुणाकडे आहे, हे विचारावं लागतं. सालगड्याचं साल पाडव्याला सुरू होतं आणि पाडव्याला संपतं, म्हणून त्या आठवड्यात हे विचारलं तर उत्तरं ताजी मिळतात. गायरानावर, म्हणजे गावाच्या चराऊ सरकारी जमिनीवर, कसणाऱ्यांची नावं कागदावर बहुधा नसतात. ती कुटुंबं मात्र तुमच्या कागदावर "भूमिहीन" एवढ्या एका शब्दात संपवू नका.

बायकांची नावं वेगळी मोजा. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, पण भावाच्या शब्दाखातर हक्कसोडपत्रावर सही करून दिलेल्या बहिणी घरोघर भेटतील. हा प्रश्न तिच्या सासरी विचारा, माहेरी नव्हे, आणि एकटीला विचारा.

लिहून झाल्यावर

प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून घेतला आणि कोणत्या महिन्यात घेतला ते लिहा. "लोकसंख्या 1,840" असं लिहू नका. "पोळ्याला 1,840, संक्रांतीला 1,100" असं लिहा. ज्या जातीची किंवा गटाची गावात दोन-तीनच घरं आहेत त्यांची माहिती वेगळी छापू नका, नाव न लिहिताही ती घरं ओळखू येतात. फॉर्म कुलपात ठेवा.

मग ते ग्रामसभेत वाचा. आधी महिलांच्या सभेत, नंतर मोठ्या सभेत. लोक चुका काढतील, त्या तिथेच दुरुस्त करा. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत आणि एक अंगणवाडीत ठेवा. 26 जानेवारीची ग्रामसभा यासाठी निवडू नका, त्या दिवशी ज्यांच्याबद्दल लिहिलंय ते अर्धे फडावर असतात. 1 मेची किंवा 15 ऑगस्टची धरा.

आणि पाडव्यानंतरच्या आठवड्यात पुन्हा एक फेरी मारा. ट्रकमधून भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि झोपलेली लेकरं उतरत असतात, दारं उघडलेली असतात, अंगणात शेणसडा पडलेला असतो. पहिल्या दिवशी घरात शिरू नका, त्यांना पाठ टेकू द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जा, पेन्सिलने भरलेले फॉर्म सोबत न्या, आणि पेन न्यायला विसरू नका.